तिसरा हिस्सा आणि विहिरीची पट्टी

ज्या देवाने मला श्वास दिला आणि जो आता तो परत मागतो आहे, त्याला स्मरून मी हेपझिबा स्टॅनार्ड, कै. जोसाया स्टॅनार्ड यांची विधवा, राहणार वेटस्टोन गाव, कनेटिकट राज्य, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे पाय सुजले आहेत आणि छातीत पाणी झाले आहे असे डॉक्टर म्हणतात, पण डोके ठिकाणावर आहे. कुणाला शंका असेल तर त्याने गेल्या रविवारचे प्रवचन मला विचारावे. मी ते पूर्ण ऐकले. आमच्या चर्चचे डीकन क्रेन मात्र निम्मा वेळ झोपले होते. मला कुणी धाक दाखवलेला नाही आणि कुणी गोडीगुलाबीही केलेली नाही. गोडीगुलाबी करणारा मुलगा गेला, आणि जो उरला त्याला ती येत नाही.

मी जन्मले तेव्हा कनेटिकट ही इंग्लंडच्या राजाची वसाहत होती. आता ते स्वतंत्र राज्य आहे. मी मात्र सून म्हणून आले त्याच घरात, त्याच चुलीपाशी बसून आहे. हे मृत्युपत्र म्हणजे उरलेल्या मुलाशी भांडण आहे असे कुणी म्हटले, तर मी नाही म्हणणार नाही. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे थोरल्याला होते, आणि थोरला आता घ्यायला नाही.

कलम पहिले. देहाबद्दल.

मला जोसायाच्या डाव्या बाजूला पुरावे. उजव्या बाजूची जागा आमच्या थोरल्यासाठी, अ‍ॅमोससाठी राखली होती. अ‍ॅमोस न्यूयॉर्कात तापाने गेला, आणि तिथे त्याला कुठल्या खड्ड्यात टाकले हे मला कुणी सांगू शकले नाही. निदान त्याच्या नावाचा एक दगड लावू द्या म्हणून मी गावसभेला विनवले. राजाच्या बाजूने गेलेल्या माणसाचे नाव आमच्या मातीत नको, असे उत्तर आले. ती जागा माझ्या आजोबांनी झाडे तोडून मोकळी केली होती. हे मी सभेत बोलले नाही, कारण बायकांना तिथे बोलता येत नाही; विनवणीसुद्धा वकील वाइल्डर यांच्या तोंडून केली होती. उजवीकडची जागा रिकामी ठेवावी. तिथे एखाद्या डीकनला आणून पुरू नये.

अंत्ययात्रेला येणाऱ्यांना हातमोजे वाटायची आपली जुनी रीत. विलायती मालावर बहिष्कार घातला तेव्हा आम्ही ती बंद केली होती, ती आता पुन्हा सुरू झाली आहे असे ऐकते. माझ्या वेळी मोजे नकोत. सफरचंदाची दारू मात्र भरपूर द्यावी. तिच्यावर कुठल्याच पक्षाने कधी बहिष्कार घातला नव्हता.

कलम दुसरे. जे मला देता येत नाही त्याबद्दल.

जोसाया गेला तेव्हा कायद्याने घराचे तीनपैकी दोन हिस्से अ‍ॅमोसला गेले आणि तिसरा मला, माझ्या जिवात जीव असेपर्यंत. विधवेचा तिसरा हिस्सा कसा काढून देतात हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना ऐकून हसू येईल. कोर्टाने नेमलेले तीन गृहस्थ दोरी घेऊन आले. ज्या घरात मी सून म्हणून आले, ज्या घरात माझी बाळंतपणे झाली, त्या घरात माझे काय काय आहे हे त्यांनी मला वाचून दाखवले. पूर्वेची खोली. तळघराचा उत्तरेकडचा कोपरा. सफरचंदाच्या झाडांची एक रांग. पाव भाजायच्या दिवशी भट्टी वापरण्याचा हक्क. पुढच्या दाराने येण्या-जाण्याचा हक्क. स्वयंपाकघर धुराड्याच्या मध्यापासून अर्धे अर्धे.

अ‍ॅमोस तेव्हा हसून म्हणाला होता, "आई, तू माझ्या हिश्श्यात शिंकलीस तर मी काय भाडं लावू?" त्याने त्या वाटणीकडे पुन्हा कधी पाहिलेच नाही. आम्ही एका टेबलावर जेवलो आणि एका टेबलावर भांडलो.

हा हिस्सा माझ्या शेवटच्या श्वासाबरोबर संपतो. तो मी कुणाच्या नावे करू शकत नाही. तो घराच्या धन्याकडे जाईल, आणि घराचा धनी आता माझा धाकटा मुलगा रूबेन आहे. कसा, ते पुढे येईल. आज माझ्या या हिश्श्यात तिघी राहतात: मी, अ‍ॅमोसची विधवा लोइस आणि त्यांची मुलगी डॉर्कस. लोइसही विधवाच आहे, पण तिला तिसरा हिस्सा नाही. अ‍ॅमोस मेला तेव्हा त्याची मालमत्ता सरकारने आधीच जप्त केली होती. त्याच्या नावावर काही नव्हते, म्हणून विधवेलाही काही नाही, असे कोर्टाने सांगितले. मी डोळे मिटले की त्याच दिवशी त्या दोघी कायद्याने रस्त्यावर येतात. मी हे सगळे लिहीत बसले आहे ते त्या एका दिवसाच्या भीतीने.

कलम तिसरे. किरकोळ वस्तू.

डीकन क्रेन यांच्या पत्नीला माझी कोळशाची पायशेगडी द्यावी. अ‍ॅमोस गेल्यावर, चर्चमध्ये कुणी कुठे बसायचे हे ठरवणाऱ्या मंडळींनी मला पुढच्या बाकावरून उठवून दारालगत, जिन्याखाली बसवले. माझ्या बाकावर आता क्रेनबाई बसतात. माझ्या मागे ती जिन्याखालची जागा कुणाला तरी भरावी लागेलच, आणि या गावाची मर्जी कधी फिरेल याचा नेम नाही. शेगडीचे झाकण जरा सैल आहे. झगा सांभाळावा.

माझी संदूक लोइसला. तिला आतून काँग्रेसने, म्हणजे आमच्या सगळ्या राज्यांच्या सभेने, छापलेल्या कागदी नोटांचे अस्तर लावले आहे. रूबेनला सैन्यात सुरुवातीला पगार म्हणून याच नोटा मिळत. पहिल्या वर्षी त्यांत जोडे यायचे. पुढे त्यांत जोड्याची नाडीही येईना, आणि त्याच हिवाळ्यात त्याच्या उजव्या पायाची बोटे गारठ्याने गेली. नोटांचा कागद मात्र उत्तम आहे. कपड्यांना कसर लागत नाही.

सूत कातायचा मोठा चरखा डॉर्कसला. विलायती कापड नको असे ठरले तेव्हा आम्ही बायकांनी पाळकांच्या अंगणात चरखे मांडून दिवसभर सूत काढले होते. पुरुष कुंपणावर बसून टाळ्या वाजवत होते. लोइस तेव्हा नवी सून होती. तिच्याइतके बारीक सूत त्या अंगणात दुसऱ्या कुणाचे निघाले नाही. डीकन क्रेन उठून म्हणाले होते, "पोरी, हे सूत नाही, पार्लमेंटच्या गळ्यातला फास आहे!" त्या सुताचा सदरा त्यांनीच विकत घेतला. तो ते अजून घालतात, आणि तो घालूनच लोइसला देशद्रोह्याची बायको म्हणतात.

कलम चौथे. हत्यारे.

जोसायाची पिंपे बनवायची हत्यारे, म्हणजे दोन वाकस, वाकडा रंधा, हातोड्या आणि पाट्या आवळून धरायची लोखंडी कडी, ही सगळी रूबेनला द्यावीत. ती माझी आहेत. नवऱ्याच्या जंगम वस्तूंत मला जो हिस्सा मिळाला, त्यात मी भांडी सोडून हत्यारे मागून घेतली होती. त्या तीन गृहस्थांना वाटले बाई दुःखाने बावरली आहे. पुढे अ‍ॅमोसची मालमत्ता जप्त करायला कमिटीचे लोक आले तेव्हा हत्यारे माझ्या पलंगाखाली होती. त्यांच्यातला एक वाकून बघायला लागला. मी म्हणाले, "विधवेच्या पलंगाखाली डोकवायचा हुकूम आहे का रे तुझ्याकडे? वाच की मोठ्यानं." तो कान लाल करून बाहेर पडला.

दोन्ही मुलांना जोसायाने एकाच ओट्यावर शिकवले. अ‍ॅमोस पाट्या तासायचा, रूबेन पट्टे चढवायचा. आमची पिंपे जहाजांतून दक्षिणेच्या बेटांवर जायची आणि काकवीने भरून परत यायची. त्या काकवीवर राजाने कर लावला आणि तिथून आमच्या घरात राजकारण शिरले. मग स्टॅम्पाच्या कागदावर कर आला, मग चहावर. रूबेन दर वेळी बाहेरून पेटून यायचा. अ‍ॅमोसलाही कर नकोच होता, पण तो गावाचा पिंपे तपासणारा होता. पिंप मापात आणि न गळणारे असेल तरच त्यावर गावाचा डाग द्यायचा, हे काम करायला त्याने राजाच्या नावाने, बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती. युद्ध सुरू झाल्यावर राज्याने नवी शपथ काढली. ती अ‍ॅमोसने घेतली नाही. आमच्या टेबलावर जे झाले ते मला अजून ऐकू येते.

"अरे, राजा तिकडे समुद्रापार," रूबेन म्हणाला. "त्याला तुझं नाव तरी ठाऊक आहे का?"

"मी शपथ राजाच्या कानात नाही घेतली. देवासमोर घेतली."

"मग देवालाच विचार. कर देवाने लावलाय का?"

"रूबेन, एक शपथ सोयीनं मोडून मी दुसरी घेतली, तर त्या दुसरीवर तू तरी विश्वास ठेवशील का?"

"मी ठेवीन! तू माझा दादा आहेस!"

"गाव ठेवणार नाही," अ‍ॅमोस म्हणाला आणि पावाचा तुकडा मोडून डॉर्कसच्या हातात दिला. ती तेव्हा मांडीवर बसण्याएवढी होती.

रूबेन सैन्यात गेला. तो गेल्यावर जमाव आला. त्यांनी अ‍ॅमोसने डाग दिलेली पिंपे रस्त्यावर फोडली, काकवी उतारावरून नदीपर्यंत वाहत गेली, आणि अ‍ॅमोसला कुंपणाच्या बल्लीवर बसवून गावातून मिरवले. बल्ली धरणाऱ्यांत त्याच्या वर्गातले सोबती होते. तो होडीने खाडी ओलांडून पलीकडे, राजाच्या फौजेकडे गेला. बंदूक त्याने हातात घेतली नाही. फौजेच्या खारवलेल्या मांसासाठी पिंपे बनवायचा, आणि तिथेच गेला. मी कुणाच्या बाजूची, असे मला पुष्कळांनी विचारले. माझा एक मुलगा इकडे होता आणि एक तिकडे. हे उत्तर कुणाला पुरले नाही.

रूबेन आज उसन्या हत्यारांनी काम करतो. माझ्या पलंगाखाली काय आहे हे त्याला ठाऊक आहे. त्याने मागितली नाहीत, मी दिली नाहीत.

कलम पाचवे. रूबेनविरुद्ध माझी तक्रार.

अ‍ॅमोसच्या घराचा कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलाव झाला. त्याचे दोन हिस्से, आणि माझ्या हिश्श्यावर माझ्यामागे येणारा हक्कसुद्धा. बोली रूबेनने लावली. पगाराऐवजी मिळालेल्या सरकारी चिठ्ठ्या त्याने पुढे केल्या आणि भावाचे घर घेतले. डीकन क्रेन शेजारी उभे होते, पण त्यांनी वरचढ बोली लावली नाही. त्यांची मुलगी थँकफुल तेव्हाच त्यांच्या मनात या घरात नांदायला आली होती, हे मला पुढे कळले.

"आई, मी नसतं घेतलं तर परक्यानं घेतलं असतं," रूबेन घरी येऊन म्हणाला.

"परक्याशी मला भांडता आलं असतं."

"मग माझ्याशी भांड ना."

"तू बोलतोस कुठं, भांडायला?"

आणि तो खरेच बोलला नाही. हीच माझी तक्रार आहे. त्याने लोइसला घराबाहेर काढले नाही, आणि राहा असेही म्हटले नाही. सैन्यातून आल्यापासून तो घरात पाहुण्यासारखा वावरतो.

या वसंतात रूबेनचे थँकफुलशी लग्न ठरले तसे डीकन क्रेन खडू आणि दोरी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आले. डॉर्कस चुलीपाशी बसून मक्याचे दाणे सोलत होती.

"काकू, राग मानू नका," डीकन म्हणाले. "थँकफुल सून म्हणून यायची आहे. तुमचं कुठवर आणि तिचं कुठवर, ते आधी दिसलेलं बरं."

"दिसतंय मला. तुम्ही माझ्या राखेत उभे आहात."

त्यांनी धुराड्याच्या मध्यापासून दारापर्यंत खडूची रेषा ओढली. डॉर्कसच्या दाण्यांची टोपली रेषेच्या पलीकडे पडत होती. ती त्यांनी पायाने अलीकडे सरकवली. "हिला याच बाजूला ठेवा. क्रेनची लेक राजाच्या माणसाच्या पोरीबरोबर एका भांड्यात जेवते, असं उद्या लोक म्हणायला नकोत."

रूबेन दारात उभा होता. डॉर्कसने मान वर करून त्याला विचारले, "काका, माझा पाय रेषेवर पडला तर कुणाला सांगायचं?" तो स्वतःच्या जोड्यांकडे बघत राहिला आणि बाहेर निघून गेला. लोइसने टोपली उचलली आणि आमच्या खोलीत नेली.

त्यानंतर मी त्याला सरळ विचारले, "मी गेल्यावर लोइसचं काय?" तो म्हणाला, "तू एवढ्यात जाऊ नकोस म्हणजे झालं." हे उत्तर नव्हे. गावात मात्र उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. क्रेनबाई पूर्वेच्या खोलीच्या खिडकीचे माप घेऊन गेल्या आहेत, पडद्यांसाठी. मी त्या वेळी त्याच खोलीत पलंगावर पडले होते.

कलम सहावे. जे माझे आहे ते.

घर आणि रस्ता यांच्या मधली जमिनीची पट्टी, दगडी कुंपणापासून नदीच्या उतरणीपर्यंत, तिच्यातल्या विहिरीसह. ही मला माझ्या वडिलांकडून आलेली आहे, नवऱ्याकडून नाही. म्हणून तिच्यात हिस्से नाहीत. ती सगळी माझी आहे.

माझे आजोबा जहाजातून उतरले तेव्हा पहिला हिवाळा त्यांनी या पट्टीवरच, उतरणीत खणलेल्या खड्ड्यात, वर झाडाची साल घालून काढला. शेजारी झोपलेल्या दोन भावंडांना त्यांनी तिथेच पुरले. ही जमीन आपल्याला देवाने दिली असे ते म्हणत. खरेदीखतावर मात्र ती इथल्या मूळच्या निआंटिक लोकांनी दिली आहे, कोट, कुदळी आणि तांब्याच्या किटल्या घेऊन. त्या लोकांनी मासे धरायला उतरणीवर येत राहायचे असे तोंडी ठरले होते. त्यांतली टोपल्या विणणारी हॅना अजून येते. तिला कुणी अडवू नये, आणि तिच्यामागे तिच्या माणसांनाही. लढाई संपल्यावर ती मला म्हणाली, "तुमच्या लोकांनी राजाला घालवलं म्हणे. बरं केलंत. आमची जमीन गेली की आमचे म्हातारे राजाकडे अर्ज करायचे. आता आम्ही कुणाकडे जायचं गं?" मी तिच्यासमोर ताक ठेवले. ती ते प्याली आणि माझ्याकडे बघत राहिली.

आता मुख्य गोष्ट. या पट्टीवाचून घराला रस्ता नाही आणि पाणीही नाही. जोसाया आणि मी नवरा-बायको होतो म्हणून हे कधी कुणाच्या ध्यानात आले नाही. त्याने घरामागे दोनदा विहीर खणून पाहिली. खाडी जवळ आहे. दोन्ही वेळा खारे पाणी लागले.

ही पट्टी आणि विहीर मी लोइसला देते, कायमची, आणि तिच्यामागे डॉर्कसला. रूबेनला तिच्यावरून रस्त्याला जाण्या-येण्याचा आणि विहिरीचे पाणी भरण्याचा हक्क देते, जोपर्यंत लोइस आणि डॉर्कस यांना त्या घरात पूर्वेची खोली, पाव भाजायच्या दिवशी भट्टी आणि पुढच्या दाराने येणे-जाणे आहे तोपर्यंत. ज्या दिवशी त्यांना बाहेर काढले जाईल त्या दिवशी त्याचा हा हक्क संपेल. शब्द मी कोर्टाच्या त्या तीन गृहस्थांच्या कागदातूनच उचलले आहेत. त्यांनी ते माझ्यासाठी इतके काळजीपूर्वक लिहिले होते की एकही बदलावा लागला नाही.

वकील वाइल्डर हे वाचून खुर्चीत मागे रेलले. "काकू, तुम्ही पुरुष असता तर मी तुम्हाला काँग्रेसमध्ये पाठवलं असतं."

"तिथेही मला जिन्याखालीच बसवलं असतं."

लोइसला मात्र ते आवडले नाही. तिने पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाली, "आई, मला विहिरीवरची पहारेकरीण करून ठेवू नका. त्यांनी रोज घागर भरताना माझ्याकडे बघायचं आणि मनात मोजायचं, ही किती दिवस जगणार म्हणून?"

"रस्त्यावर बसण्यापेक्षा पहारेकरीण बरी."

"तुम्हाला वाटतं तसं," ती म्हणाली. "त्या घरात तुम्ही नसणार, मी असणार." मग तिने माझे पाय उशीवर नीट ठेवले आणि ती पीठ मळायला गेली. मी कलम बदललेले नाही. प्रेमाने कुणी कुणाला ठेवून घेईल यावर माझा भरवसा उरलेला नाही. या गावाने मला तो उरू दिला नाही.

कलम सातवे.

वर ज्याचा उल्लेख नाही ते, आणि कुणाला दिलेले काही कारणाने बाद झाले तर तेही, डॉर्कसला जावे. हे कलम वकीलसाहेबांनी घालायला लावले. व्यवस्था बघण्याचे कामही त्यांच्याकडेच सोपवते.

साक्षीदारांबद्दल.

हा भाग मी सह्यांच्या वेळी, सगळ्यांच्या देखत लिहीत आहे. जे घडले ते जसेच्या तसे लिहून ठेवा, उद्या कोर्टात कुणी शंका काढायला नको, असे वकीलसाहेबांनी सांगितले.

कायद्याला तीन साक्षीदार लागतात. एक स्वतः वकीलसाहेब. बाकीच्यांसाठी लोइस घरोघर जाऊन आली. पाळकांना पडसे झाले होते. लोहाराचा नेमका उजवा हात दुखावला होता. गिरणीवाल्याने दार उघडलेच नाही. राजाच्या माणसाच्या बायकोला जमीन देणाऱ्या कागदावर आपले नाव कुणाला नको होते. शेवटी प्राइमस फ्रीमन आला. तो रूबेनच्या पलटणीत होता. युद्धाआधी तो गुलाम होता. सैन्यात गेलास तर मोकळा करीन अशी त्याच्या मालकाने बोली केली होती.

"काकू, आमच्या पलटणीत सगळे स्वातंत्र्यासाठी लढले," तो म्हणाला. "मला माझं कागदावर लिहून घ्यावं लागलं. त्या कागदाला साक्षीदार मिळता मिळत नव्हते. मिळाले म्हणून आज मोकळा आहे. फुली कुठं मारू, सांगा."

तिसरा मिळेना. वकीलसाहेब उठून टोपी घालत होते तेवढ्यात रूबेन आत आला. प्राइमसनेच त्याला सांगितले असावे. "तिसरा कोण?" त्याने विचारले. त्याने हात पुढे केला, आणि मी कागद दिला. खिडकीपाशी उभा राहून त्याने तो वाचला. तक्रारीचे कलम वाचताना त्याची मान तांबडी झाली. विहिरीच्या कलमापाशी तो थांबला, पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. लोइस भट्टीकडे तोंड करून उभी होती. डॉर्कसला तिने बाहेर पाठवले होते.

"मी करतो सही," रूबेन म्हणाला.

वकीलसाहेबांनी टोपी काढली. "नीट ऐक. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं, त्यानंच साक्ष घातली तर त्याला दिलेलं बाद होतं. बाकीच्यांचं तसंच राहतं. तुझी हत्यारं जातील. विहिरीचा हक्क जाईल, रस्त्याचाही. तुझ्या दारातून तुला पाऊल टाकता येणार नाही."

"कळलं."

"डीकनना काय सांगणार आहेस?"

"त्यांच्याकडे खडू आहे. नवा रस्ता आखू देत." प्राइमस हसला.

मी म्हणाले, "रूबेन, हे तू माझ्या रागानं करतो आहेस का?"

"राग येणार नाही का आई? माझ्या घराच्या उंबऱ्याबाहेर तू कुलूप घातलंस, आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस." त्याचा आवाज चढला तसा त्याने तो खाली आणला. "दादाचं घर मी लिलावात घेतलं. दादाच्या बायकोला मी विहिरीच्या बदल्यात ठेवायची? ती मरेपर्यंत म्हणेल, पाण्यासाठी ठेवलं. आणि मलाही रोज घागर भरताना तसंच वाटेल. ते नको. मला काहीच नको."

"मग ठेवणार आहेस की नाही, ते बोल ना!"

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. लोइसच्या पाठीकडे पाहिले. "ते मी तिच्याशी बोलेन. कागदाशी नाही."

लोइस वळली नाही. तिचे हात मात्र थांबले होते.

इथे लिहिण्यासारखे मला एवढेच उरले आहे की मी घाबरले आहे. माझे सगळ्यांत मजबूत कलम माझ्या मुलाने माझ्या डोळ्यांदेखत काढून टाकले. आता छप्पर त्याच्याकडे आहे आणि पाणी लोइसकडे, आणि दोघांच्या मध्ये माझा एकही शब्द नाही. ठेवीन असे तो अजून म्हणालेला नाही. लोइसही राहीन असे म्हणालेली नाही. मी सही थांबवू शकले असते, दुसरा साक्षीदार शोधा म्हणू शकले असते. मी तसे म्हटले नाही. या मुलाने युद्धावरून आल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर तोंड उघडले होते, आणि मला ते मिटवायचे नव्हते.

पूर्वी या ठिकाणी राजाच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष ते लिहीत असत. आता ते लिहायचे नसते. म्हणून नुसते स्थळ आणि दिवस लिहिते.

वेटस्टोन, कनेटिकट राज्य. मंगळवार, ९ नोव्हेंबर १७८४.

हेपझिबा स्टॅनार्ड
(स्वहस्ते)

वरील बाईंनी आमच्या समक्ष, पूर्ण शुद्धीत आणि भरपूर टोचून बोलत सही केली, त्याचे साक्षीदार:

एलिफलेट वाइल्डर, वकील.

प्राइमस फ्रीमन, त्याची फुली ✗, काँग्रेसच्या सैन्यातला शिपाई, आता स्वतःचा धनी.

रूबेन स्टॅनार्ड, मुलगा. वरचं सगळं वाचलं. माझ्या नावाचं आहे ते जातं हे समजून सही करतो. पाण्याचं मी वहिनीला विचारीन.